अठ्ठावीस दिवसांचा आकडा

सलिलला माझ्याकडून आठ पानं हवी होती, आणि तीही गोड. मालशेतला खाडीकाठी जे नवं संकुल झालंय त्या सोसायटीचा हा सेक्रेटरी. सात टॉवर, एक पोहण्याचा तलाव आणि पाणी दिसणाऱ्या फ्लॅटांचा वेगळाच तोरा. "मॅडम, आमच्या जागेवर पूर्वी सिमेंटचा कारखाना होता म्हणतात. तुमचे वडील तिथं मोठ्या पोस्टवर होते ना? थोडं जुन्या आठवणींचं लिहून द्या, वर्धापनदिनाला छापू," तो फोनवर म्हणाला. 'होता म्हणतात' हे ऐकून माझं डोकंच फिरलं. ज्या कारखान्याच्या सिमेंटवर डोंबिवली-कल्याणातल्या अर्ध्या जुन्या इमारती उभ्या आहेत, तो म्हणे 'होता म्हणतात'! मी सांगितलं, आठ नाही, चोवीस पानं लिहीन, आणि गोड लिहायचं की कडू ते माझं मी ठरवीन. सलिल सज्जन आहे. हो म्हणाला.

पहिली वीस पानं मी आठवडाभरात लिहिली, कारण कौतुक करायला मला विचार करावा लागत नव्हता. ठाकुर्लीच्या पलीकडे खाडीला जिथं बाक आहे, तिथं १९५२ साली मालशेत सिमेंट वर्क्स सुरू झालं. आता गंमत बघा. सिमेंटला चुनखडी लागते, आणि चुनखडीचा डोंगर आसपास औषधालाही नाही. कुणी शहाण्या माणसानं इथं कारखाना काढलाच नसता. यांनी समुद्रातल्या शिंपल्यांची वाळू गलबतांनी आणली. खाडीचा गाळ तर दारातच होता. कोळसा रेल्वेनं आला. शिंपले, गाळ आणि कोळसा एवढ्या भांडवलावर या लोकांनी एक्केचाळीस वर्षं सिमेंट केलं.

गलबतं भरतीलाच आत येऊ शकत, म्हणून कारखान्याच्या फाटकावर भरती-ओहोटीचं वेळापत्रक टांगलेलं असे आणि पाळ्या त्यावर चालत. एकादशीला भरती किती वाजता हे तिथल्या फिटरला भटजींच्या आधी माहीत असायचं. नऊ वर्षांची असताना बाबांनी मला भट्टी दाखवली. किंचित कललेली आडवी लोखंडी नळी, मी पावलांनी मोजली तर एकशे दहा पावलं भरली. ती रात्रंदिवस स्वतःभोवती संथ फिरत असे आणि तिच्या तोंडाशी निळी काच डोळ्यावर धरून एक माणूस आतला जाळ बघत उभा असे. जाळाच्या रंगावरून तो सांगायचा, कोळसा वाढवा, कोळसा कमी करा. भट्टीतून करडे खडे बाहेर पडत, ते दळले की सिमेंट. शाळा न शिकलेली माणसं नुसत्या नजरेनं हे करत होती, आणि मला तेव्हाही त्यांचा अभिमान वाटला होता, आजही वाटतो.

एकविसाव्या पानावर मात्र मी अडकले. तिथं एप्रिल १९९२ येत होता, आणि माझे बाबा येत होते.

माझे वडील त्र्यंबक हे मालशेतचे मुख्य रसायनतज्ज्ञ. एकोणीस वर्षं त्या खुर्चीत बसले. त्यांचं काम सांगते. रोज दळलेल्या सिमेंटात ठरावीक वाळू आणि पाणी मिसळून सहा ठोकळे ओतायचे, मुठीत जेमतेम मावतील एवढे. दुसऱ्या दिवशी ते साच्यातून काढून पाण्याच्या हौदात सोडायचे. सातव्या दिवशी तीन ठोकळे दाबाच्या यंत्रात फोडायचे, उरलेले तीन अठ्ठाविसाव्या दिवशी. ठोकळा किती टनांना फुटतो, ती सिमेंटची ताकद. अठ्ठाविसाव्या दिवशी साडेसोळा टनांच्या वर गेला तर माल पास. मग बाबा दाखल्यावर सही करत, आणि त्या सहीशिवाय एक गोणी फाटकाबाहेर जात नसे.

त्या एप्रिलमध्ये मालशेतचं सिमेंट एका गावच्या पाण्याच्या टाकीला गेलं. टाकीचा तळ ओतला, आठवड्यानं खालच्या आधाराच्या फळ्या काढल्या, तर तळाला भेगा. चौकशी आली. चौकशीवाल्यांनी दाखला मागितला आणि पाचवीतल्या मुलाला जमेल एवढी वजाबाकी केली. ठोकळे ओतल्याची तारीख आठ एप्रिल. अठ्ठावीस दिवसांची ताकद अठरा टन. सहीची तारीख अठरा एप्रिल. दहा दिवसांत अठ्ठावीस दिवस कसे झाले? बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "सही माझी आहे." बाकी एक शब्द नाही. त्यांनी राजीनामा दिला. मालशेतचं नाव इतकं खराब झालं की ऑर्डरी आटल्या, पुढच्या वर्षी भट्टी विझली आणि सातशे माणसं घरी बसली. उरलेलं आयुष्य बाबांनी डोंबिवलीत अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवलं. २०१३ साली ते गेले.

आता माझं ऐका. मी तेहतीस वर्षं विद्यापीठाच्या परीक्षा विभागात काढली. पेपर न तपासता गुण टाकणारे परीक्षक शोधून काढणं हे माझं काम, आणि ते मी आवडीनं केलं. त्या आवडीचं मूळ कुठं होतं ते सांगायला नको. एकदा अशाच एका परीक्षकाला निलंबित करून मी घरी आले. बाबांनी चहा घेता घेता विचारलं, काय झालं? मी सांगितलं आणि वर म्हणाले, "तुमचंच प्रकरण, बाबा. फक्त तुमचे ठोकळे होते, त्याचे पेपर." बाबांनी चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि आत गेले. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

तर एकविसाव्या पानावर मी बापाला पाठीशी घालणार नव्हते. दाखला खोटा होता, असं लिहिणार होते. फक्त एक गोष्ट माझ्या शिस्तीत बसत नव्हती. अठ्ठाविसाव्या दिवशी फोडायचे ते तीन ठोकळे कुठं गेले? फुटले की नाही? किती टनांना? ते सांगू शकेल असा एकच माणूस हयात होता, प्रयोगशाळेत ठोकळे ओतणारे गुणाजीकाका. त्यांचा पत्ता शोधून मी लोकलनं दिव्याला गेले.

चौथा मजला, लिफ्ट नाही. दार त्यांच्या सुनेनं, विनितानं उघडलं. स्वयंपाकघरात हंडे, कळश्या, बाटल्या, जे भरता येईल ते भरून ठेवलेलं. "आज टँकर आलेला, नशीब तुमचं, चहा मिळेल," ती हसत म्हणाली. गुणाजीकाका सत्तरीचे झालेत. कोकणातून विसाव्या वर्षी मालशेतला आले, गोण्या शिवायच्या खात्यात लागले आणि तिथून बाबांनी त्यांना प्रयोगशाळेत घेतलं, एवढं मला ठाऊक होतं. मला बघून त्यांनी आधी टोपी शोधली, मग हात जोडले.

मी चहा यायच्या आधीच विचारलं. "काका, आठ एप्रिलचे शेवटचे तीन ठोकळे कुठं गेले?"

काका उठले, न्हाणीघरात गेले आणि रंगाची एक जुनी झाकणाची बादली घेऊन आले. झाकण काढलं. स्वच्छ पाण्यात तीन करडे ठोकळे होते. प्रत्येकावर खोदलेला आकडा, ८-४-९२.

मी वाकून आकडे पुन्हा वाचले. विनिताच बोलली. "बघा ताई. वीस वर्षं झाली मला लग्न करून येऊन. दर सोमवारी ह्यांचं पाणी बदलायचं. हितं प्यायला पाणी नाय, दोन-दोन तास लायनीत उभं राहायचं, आणि ह्या तीन दगडांना अर्धी बादली ताजी. मी यायच्या आधी सासूबाई बदलायच्या, त्या गेल्या नि माझ्या गळ्यात आलं. विचारलं तर म्हणतात, साहेबांची ठेव आहे."

"ठेवच आहे ती," काका म्हणाले.

"पण का? ठोकळे घरी कसे आले?" मी परीक्षा विभागातल्या आवाजात विचारलं.

"चोरले नाय, ताई. लॅबला सील लावायला येणार असं कळलेलं. सील लागलं की पाणी कोण बदलणार? हौद तर गळका. ठोकळे सुकले असते. ठोकळा सुकवायचा नसतो, साहेबांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं. ओल्या गोणपाटात गुंडाळले नि डब्याच्या पिशवीतून घेऊन आलो. आणखी काय डोक्यात नव्हतं."

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली जी बाबांनी मला सांगितली नव्हती.

प्रयोगशाळेत लागल्यावर काकांचं काम होतं ठोकळे पाण्यातून काढून, पुसून यंत्राशी नेऊन देणं. वर्षभरात त्यांना कळायला लागलं की ठोकळा बोटांवर तोलून दुसऱ्या हाताच्या पेरानं वाजवला की प्रत्येकाचा आवाज वेगळा येतो. एक दिवस ते बोलून गेले, "साहेब, हा चौदाला जाईल." तो चौदाला गेला. दुसरा कुणी साहेब असता तर म्हणाला असता, तू तुझं काम कर. बाबांनी कागद घेतला. काका आकडा सांगायचे, बाबा तो लिहून कागद पालथा ठेवायचे, मग ठोकळा फोडायचे आणि कागद सुलटा करायचे. हे त्यांनी चौदा वर्षं केलं. काकांचा आकडा एका टनाहून जास्त कधी चुकला नाही. पुढं तर काका सातव्या दिवशी उरलेले तीन वाजवून अठ्ठाविसाव्याचाही आकडा सांगू लागले, आणि तोही बरोबर येऊ लागला.

"त्या एप्रिलला गोदामाचे पत्रे उडालेले. नऊशे टन माल पडून. वळीव पडायच्या आत गेला नाय तर जागच्या जागी दगड होणार. वरून रोज फोन, सही करा, सही करा. पंधरा तारखेला सात दिवसांचे तीन फोडले, तेरा-तेरा टन. मी बाकीचे तीन काढून वाजवले. म्हटलं, साहेब, अठ्ठावीसला अठरा. साहेब तीन दिवस गप्प होते. मग लिहिलं अठरा, नि सही केली." काकांनी आपल्या कानाकडं बोट केलं. "माझ्या ह्या कानावर केली, ताई."

"आणि चौकशीत हे सांगितलं नाही?"

"विचारलेलं ना त्यांनी, आकडा कुठून आणला? साहेब म्हणाले, सही माझी आहे. माझं नावपण नाय घेतलं."

सहा मेला, म्हणजे बरोबर अठ्ठाविसाव्या दिवशी, काका पिशवी घेऊन आमच्या डोंबिवलीच्या घरी आले होते. म्हणाले, साहेब, आज दिवस भरला, कुठंतरी जाऊन फोडून घेऊ. बाबा म्हणाले, प्रयोगशाळेतून काढून आणलेले ठोकळे कोण मानणार? उलट तुझ्यावर चोरीचं बालंट येईल. मग जरा वेळानं म्हणाले, "आणि समज, कमी भरले. माझी सही गेलीच आहे, गुणाजी. तुझा कान कशाला घालवायचा? पाण्यात ठेव. पाण्यात आहेत तोवर त्यांची ताकद वाढतच राहील."

"मग नंतर? बाबा गेल्यावर तरी?" मी विचारलं.

"नंतर माझीच छाती होईना. कमी भरले तर साहेब खोटे पडणार, तेपण माझ्यामुळे. न फोडता ठेवले तर निदान..."

मला दोघांचाही असा राग आला की काय सांगू. एकानं दुसऱ्याचा कान सांभाळला, दुसऱ्यानं पहिल्याचं नाव, आणि या सांभाळासांभाळीत बत्तीस वर्षं खरं काय ते कुणी बघितलंच नाही. आणि मी त्या माणसाला चहाच्या कपावर काय बोलले होते! पण मनातलं दुसरं सांगायला हवं, तेही खरंच होतं. ठोकळे कमी भरले तर? मग बाबांनी एका कामगाराच्या कानावर विसंबून कच्चं सिमेंट लोकांच्या टाकीला पाठवलं, असं मला लिहावं लागणार होतं. आतापर्यंत निदान शंकेला जागा होती.

"फोडूया, काका," मी म्हणाले.

काकांनी बादलीवर झाकण ठेवलं. "नको, ताई."

तेव्हा विनिता पदराला हात पुसत पुढं आली. "फोडा, बाबा. तुम्ही घाबरता ते मला कळतं. पण वीस वर्षं मी ह्यांना पाणी पाजलंय. काय पाजलंय ते मला कळू दे ना एकदा."

सुनेपुढं काकांचं काही चाललं नाही.

नऊ डिसेंबरला, सोमवारी, आम्ही तिघं रिक्षानं ठाण्याला गेलो. खोपटच्या एसटी डेपोमागं बांधकामाचं साहित्य तपासणारी एक खाजगी प्रयोगशाळा आहे. बादली काकांच्या मांडीवर, आणि रिक्षा खड्ड्यात गेली की काका रिक्षावाल्याला असं बघायचे की तो बिचारा पुढं फारच जपून चालवू लागला. प्रयोगशाळेत सम्यक नावाचा तरुण इंजिनिअर होता. त्यानं संगणकावर फॉर्म उघडला.

"ठोकळ्यांचं वय काय टाकू? तीन दिवस, सात दिवस, अठ्ठावीस दिवस?"

मी घरून हिशेब करून आले होते. "अकरा हजार नऊशे तेहतीस दिवस."

सम्यकनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग बादलीत पाहिलं. "सिस्टम घेणार नाही, मॅडम," तो म्हणाला, पण उठून आतल्या दोघांना बोलावून आणलं, आणि त्या तिघांनी ठोकळ्यांवरची तारीख वाचली तेव्हा कुणी हसलं नाही. "काका, इतकी वर्षं पाण्यात ठेवलेत? आमच्याकडं लोक अठ्ठावीस दिवस थांबत नाहीत." तो सरळ मनानं बोलला, मी मात्र खाली बघितलं.

यंत्राशी गेल्यावर काका मला म्हणाले, "ताई, आकडा साहेब लिहायचे. तुम्ही लिहा." मी पावतीची पाठ पुढं केली. काकांनी पहिला ठोकळा काढला, धोतराच्या फडक्यानं पुसला, डाव्या हाताच्या बोटांवर तोलला आणि पेरानं वाजवला. त्यांनी दोनदा वाजवला. "तीस," म्हणाले. मी लिहिलं, पावती पालथी ठेवली.

सम्यकनं ठोकळा यंत्रात बसवला, बटण दाबलं आणि काकांसाठी टनात वाचायला लागला. पाच. आठ. बारा. पंधरा. सोळा. साडेसोळा झालं तेव्हा मी "वर गेला!" असं मोठ्यानं ओरडले, अठ्ठावन्न वर्षांची बाई, परक्या ऑफिसात. आकडा चढतच राहिला. वीस, पंचवीस, अठ्ठावीस. मग एक दणका झाला. सम्यकनं पडद्यावर बघितलं. "एकोणतीस पूर्णांक आठ."

मी पावती सुलटी केली. आतून आलेल्या दोघांपैकी एकजण म्हणाला, "काय बात आहे, काका!" काकांनी दुसरा वाजवला. "एकतीस." यंत्र म्हणालं एकतीस पूर्णांक दोन.

तिसरा त्यांनी वाजवला आणि थांबले. पुन्हा वाजवला. तोंड उतरलं. ठोकळा कानाशी नेऊन आणखी एकदा वाजवला. "हा कमी आहे," ते हळूच म्हणाले. "चोवीस. एवढा का कमी? एकाच घाण्याचे तिन्ही. बहुतेक माझाच कान गेला, ताई. वय झालं."

मी चोवीस लिहिलं. यंत्र चालू झालं आणि तेवीस पूर्णांक नऊला ठोकळा फुटला.

तेवढ्यात विनितानं रडायलाच सुरुवात केली. "माझ्यामुळं झालं. बाबा हॉस्पिटलात होते ना कोरोनात, दीड महिना, तेव्हा सोमवारचं पाणी बदलताना हातातून निसटून लादीवर पडलेला. कुठं टवका नाय उडाला, म्हणून पुसून परत ठेवला. बाबा वाचतात की नाय तेच कळत नव्हतं, तेव्हा मला वाटलं ह्यांच्या साहेबांची ठेव मी फोडली. कुणाला बोलले नाय."

काकांनी तिच्याकडं बघितलं. ते चिडतील असं मला वाटलं. ते चक्क हसले, दात नसलेलं, पोटातून आलेलं हसू. "म्हणजे पडलेला! मग बरोबर ऐकलं मी! आत चीर होती!" आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "अगं, दीड महिना तू एकटीनं पाणी बदललंस, वर मला डबा पोचवलास. रडतेस कसली?"

मी तिथल्या स्टुलावर बसले. पहिल्या दोन ठोकळ्यांनी सिमेंट खरं ठरवलं होतं. पण बाबांनी सही सिमेंटावर केलीच नव्हती, त्या कानावर केली होती, आणि तो कान किती खरा होता ते या पडलेल्या तिसऱ्या ठोकळ्यानं सांगितलं. डोळ्यांना न दिसणारी चीर सत्तर वर्षांच्या त्या माणसानं पेराच्या एका टिचकीत ओळखली. अशा माणसाच्या शब्दावर सही करण्याआधी माझ्या बापानं चौदा वर्षं त्याला तपासलं होतं. मी माझ्या परीक्षकांना कधी एक वर्षसुद्धा इतकं तपासलं नव्हतं.

सम्यक प्रामाणिक मुलगा. मी त्याला टाकीची हकीकत सांगितली. म्हणाला, "मॅडम, अठ्ठावीस दिवसांचा आकडा काय आला असता हे मी लिहून देऊ शकत नाही. पण सिमेंट कच्चं असतं तर ठोकळे असे आले नसते. टाकीच्या फळ्या लवकर काढल्या असतील, पाणी मारलं नसेल. आता कोण सांगणार?" मला तेवढं पुरे होतं.

परतताना रिक्षात मला ती तारीख आठवली, अठरा एप्रिल. इतकी वर्षं मी मनातल्या मनात बाबांना हसत आले होते. खोटा आकडा लिहायचाच होता तर तारीखही पुढची घालायची, सहा मे. कुणाला कळलंही नसतं. माझ्याकडं सापडलेला प्रत्येक लबाड परीक्षक तारीख आधी सांभाळायचा. बाबांनी आकडा अंदाजानं लिहिला आणि तारीख मात्र खरी घातली. का ते त्या रिक्षात मला कळलं. अठरा टन हा आकडा त्यांच्या लेखी खोटा नव्हताच. सहा मे ही तारीख मात्र खोटी झाली असती, आणि खोटं त्यांच्या हातून लिहिलं जात नव्हतं. चहाच्या वेळी बोललेलं ते वाक्य मला परत घ्यायचं होतं. ज्यांच्याकडून घ्यायचं ते नव्हते. मी काकांच्या देखत, विनिताच्या देखत रडले, आणि काकांनी मला थांबवलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, "सहा मेलाच फोडायला पाहिजे होते. चूक माझी नि साहेबांची, दोघांची."

आठवडाभरात मी शेवटची चार पानं लिहिली. त्यात दाखला आला, तारीख आली, बादली आली, विनिताचं सोमवारचं पाणी आलं, तिन्ही आकडे आले आणि सम्यकनं जे सांगता येत नाही म्हणून सांगितलं तेही आलं. सलिल वाचून जरा चुळबुळला. 'खोटा दाखला' हे शब्द आमच्या रहिवाशांना कसे वाटतील, म्हणाला. मी म्हणाले, तुझ्या रहिवाशांच्या इमारतीचे ठोकळे किती दिवसांनी फोडले ते एकदा विचारून घे, मग आपण बोलू. त्यानं विषय वाढवला नाही.

छापायला देण्याआधी गुणाजीकाकांना फोन लावला आणि चारही पानं वाचून दाखवली. संपल्यावर म्हणाले, "लय चांगलं लिहिलंय, ताई. साहेब डोळ्यांपुढं उभे राहिले." मग घसा खाकरला. "एक विचारू? सगळं खरं निघालं ना आता. मग तो 'खोटा' शब्द तेवढा काढता येईल का? दाखला खोटा होता, असं आहे बघा तिथं."

माझ्या जिवावर आलं. त्या माणसानं बत्तीस वर्षांत माझ्याकडं पहिल्यांदा काही मागितलं होतं. पण न फोडलेल्या ठोकळ्यांपुढं फोडल्याचा आकडा लिहिला होता. माल चांगला निघाला म्हणून त्या कागदावर जे झालं ते बदलत नव्हतं.

"नाही, काका," मी म्हणाले. "आकडा खरा होता. दाखला खोटाच होता. तो शब्द मी काढणार नाही."

मला वाटलं, दुखावतील.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "साहेबांनीपण नसता काढला."